वहिनींचं पित्त आणि शेजारची गोळी

मंडळी, आज दुपारी तासगावात आमच्या थोरल्या वहिनींच्या अंगावर पित्त उठलं. रिवाजाप्रमाणे आमसुलाचं पाणी लावून त्यांना घोंगडीत गुंडाळलं. ‘हे शीतपित्त’ असं मीही सांगून टाकलं. खाज संस्कृतला बधली नाही.

मग ओठ सुजले. "आवं भावजी, गळ्यात आवळल्यागत व्हतंय," वहिनी कशाबशा म्हणाल्या. घोंगडी तिथंच टाकून दवाखाना गाठला.

इंजेक्शननंतर श्वास मोकळा झाला. कारण निघालं शेजारणीनं मायेनं दिलेली गुडघेदुखीची गोळी.

डॉक्टर म्हणाले, "ओठ सुजले, धाप लागली, की घरी थांबायचं नाही."

शेजारीण आत्ताच चौकशीला येऊन गेल्या. वहिनींनी त्यांना चहा दिला, गोळीचं नावही काढलं नाही.

तुम्ही सांगितलं असतंत?