स्पष्टपणे पाहिलेली बिडी

जे मी पाहिलं नव्हतं, ते स्पष्टपणे पाहिलं असं मी लिहून दिलं. माझ्या हाताने, माझ्या वळणदार अक्षरात.

उमरेड रोडवरच्या आमच्या जिनिंगात रुईला आग लागली होती. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. सात वर्षं ज्याने मला दाराच्या आत घेतलं नव्हतं, त्याने खुर्ची दिली. मी बसलो. अक्कल बाहेरच राहिली. तो सांगत गेला, "महादेवला बिडी ओढताना पाहिले." मी मॅट्रिक झालेला. नुसतं 'पाहिले' कसं लिहिणार? 'स्पष्टपणे' मी पदरचं घातलं.

"वा! तुमच्यातही हुशार असतात रे," मॅनेजर म्हणाला.

मी हसलो. हो, हसलो.

दारापर्यंत पोचतो न पोचतो तोच चपराशी ओलं फडकं घेऊन आत शिरला. त्याने खुर्ची पुसली. बैठक, पाठ, दोन्ही हात. मॅनेजर म्हणाला, "पायही पूस."

हे मात्र मला लख्ख दिसलं. आगीच्या धुरात माझाच हात मला दिसत नव्हता, महादेवची बिडी कुठून दिसणार? महादेव माझ्याच वस्तीतला, जिनिंगात माझ्यासोबतच कामाला. माझ्या कागदावर त्याला कामावरून काढलं.

लेबर ऑफिसरपुढे चौकशी लागली. मॅनेजर निवांत बसलेला. मी उभा.

"साहेब, मी काहीच पाहिलं नाही."

"मग 'स्पष्टपणे' कशाला लिहिलं?"

"खुर्ची भेटली होती साहेब."

सगळे हसले. हसू दिलं. मग दुसरा कागद मागितला आणि उभ्यानेच लिहिलं: मशीनचे बेरिंग तीन दिवस तापत होते. तेल नव्हते. मी सांगितले, तेव्हा 'मशीन थांबवलीस तर घरी बसवीन' असे मॅनेजर म्हणाले. हे मी स्पष्टपणे ऐकले.

तो शब्द या खेपेला दाबून लिहिला. मॅनेजरचा चेहरा उतरला. खोटं कशाला सांगू, सूड गोड लागला.

संध्याकाळी माझीही नोकरी गेली. जाऊ दे. जिथे सुनावणी लागेल तिथे जाईन, हेच बोलेन. मॅनेजरला आडवा केल्याशिवाय थांबणार नाही.

हे सांगायला महादेवकडे गेलो. तो अंगणात खाट विणत होता. मान वर न करता म्हणाला, "मी बिडी पेतच नाही, हे तुले ठाऊक होतं. साक्ष दे. पण माह्या घरी चहाले येऊ नको गा."