आधी अंगठा, मग मशीन

शिवणाच्या वर्गात सकाळी झाडू मारला तरी संध्याकाळी मशीनखाली चिंध्या सापडतातच. आमच्या कॉलेजातल्या किश्श्यांचं तसंच आहे. सात रस्त्याजवळच्या या कम्युनिटी कॉलेजात कौशल्य विभागाची मी प्रमुख. शिक्षण सातवी. मशीन खोलायला, जोडायला आणि इंग्रजी वाचायला माझी मीच शिकले, त्यामुळे कुणाला भीत नाही.

•

प्रमुखपदाच्या मुलाखतीत कमिटीतले एक डॉक्टरेटवाले म्हणाले, "बाई, डिग्री कोणती?" वर्गातली दोन मशीनं तेव्हा बंद होती. म्हटलं, "तुम्ही डिग्री घेऊन चला, मी स्क्रूड्रायव्हर घेते. बघू मशीन कशानं चालतं!"

पुढचा प्रश्न त्यांनी चहाबद्दल विचारला.

•

मग वरून आदेश आला, पोरींना सॉफ्ट स्किल्स शिकवा. पुण्याहून टायवाला ट्रेनर आला. दोन दिवस फक्त हात कसा मिळवायचा ते शिकवलं. तिसऱ्या दिवशी पोरी युनिफॉर्मच्या कारखान्यात मुलाखतीला गेल्या. तिथल्या मास्तरनं हात पुढे केला, तर हातात कापड. म्हणाला, "कॉलर लाव."

वेळापत्रकात कॉलर पुढच्या आठवड्यात होती!

•

त्यानंतर हजेरीला अंगठ्याचं मशीन आलं. तपासणीवाले साहेब स्वतः पाटी ठोकून गेले: 'आधी अंगठा, मग मशीन.' रजिस्टर बंद म्हणाले. मी माझं भरतच राहिले.

संस्थेच्या सचिवांचा भाचा सागर बुलेट चालूच ठेवून आत यायचा, अंगठा टेकवायचा आणि पसार. महादेवी दुधनीहून रेल्वेनं यायची, सगळ्यांच्या आधी. पण लहानपणापासून विड्या वळून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. रोज लाल दिवा. मी तिला पाटीकडे पाठ करून शिवायला बसवायची आणि वरच्या ऑफिसला अर्ज लिहायची. उत्तर यायचं, सिस्टीममध्ये पर्याय नाही.

वर्षअखेरीला सागर 'बेस्ट ट्रेनी', महादेवी कायम गैरहजर.

•

महादेवीला त्याच युनिफॉर्मच्या कारखान्यानं घ्यायचं कबूल केलं, पण सोमवारी सर्टिफिकेट दाखवलं तरच. शनिवारी वाटपाला साहेब आले. मी तिला पुढे उभी केली. त्यांनी लॅपटॉपवरून नजरही उचलली नाही.

"रेकॉर्डप्रमाणे ही बाई इथं आलेलीच नाही."

मग कार्यक्रमाआधी वर्ग बघायला निघाले. मशीनची मोटर बघायला वाकले आणि पँट मागून टर्रकन फाटली. बाहेर हॉल भरलेला. सत्काराचा टॉवेल आम्ही आधीच गुंडाळून दिला आणि त्यांना वर्गातच बसवलं. पँट शिवायला बेस्ट ट्रेनीला बोलावलं. सागरनं दोरा तीनदा थुंकी लावून ओवायला बघितला, मग फोन आल्यासारखं करून निघून गेला.

साहेब वैतागले. इथं कुणाला शिवता येतं की नाही, म्हणाले.

"महादेवीला येतं," मी म्हटलं. "पण ती आलेलीच नाही, साहेब."

महादेवीनं पँट घेतली. दारातल्या मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा ठेवला. लाल दिवा. तिनं पँटची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली आणि पाटीकडं बोट केलं.

"अक्का, साहेबांनीच लिवलंय की. अंगठ्याबिगर मशीनला हात कसा लावू?"

बाहेर माईकवर साहेबांचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. टॉवेलची गाठ घट्ट धरून साहेब हळूच म्हणाले,

"मॅडम, ते जुनं रजिस्टर कुठं असतं?"