रांगोळीपलीकडचा हातोडा

दादा गेला त्या वर्षी खंडेनवमीला शेठ मला म्हणाले, "तू बाहेर थांब." त्या दिवशी मी काम सोडलं.

शेड पिंपरी पेंढारच्या रस्त्याला होती. नव्वदच्या दशकातली वर्षं. तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तयार व्हायच्या. दादा वेल्डर. मी आयटीआय करून त्याच्याच हाताखाली लागलो. कोन पुस्तकात वाचले होते. हात दादाने बसवला. तळाचा पत्रा आडवा, बाजूचा उभा, त्यांच्या कोपऱ्यात जोड भरायचा. दादा मागे उभा राहून सांगायचा, "रॉड बरोबर मधी धर. लांबवू नको. एका पत्र्याकडं झुकलास, की दुसरा नुसता चिकटल्यावानी दिसतो. धरलेला नसतो."

मग हातोड्याने जोडावरची काळी खपली उडवायची आणि खाली काय आहे ते बघायचं. हातोडा दादाचा स्वतःचा, घरून आणलेला. दांडा त्याच्या मुठीने झिजलेला.

खंडेनवमीला अवजारांची पूजा असायची. दादा सकाळी मशीन पुसायचा, होल्डर आणि हातोडे ओळीने मांडायचा, आणि रस्त्यापलीकडे बाभळीखाली जाऊन उभा राहायचा. मी त्याच्याशेजारी. तो म्हणायचा, "आपला दीक्षेचा दिवस उद्या, दसऱ्याला. आज ह्यांचं चालू दे." आपण बौद्ध, पूजेला बसत नाही, हे तो कसं ठामपणे पाळतो! मला त्याचा अभिमान वाटायचा.

उन्हाळ्यात तो काविळीने गेला.

खंडेनवमीला मशीन मी पुसलं. त्याचा हातोडा ओळीत मांडला. पण बाभळीखाली एकट्याने जाववेना. पूजा करायची नव्हतीच. दाराच्या आत भिंतीला टेकून उभा राहिलो. शेठचा पुतण्या झेंडूची फुलं वाहत होता. त्याला रॉड धरायला दादानेच शिकवलं होतं.

"काय पावणं," तो हसला, "प्रसाद आधी पायजे का?"

शेठ ताम्हण घेऊन आले आणि म्हणाले, "तू बाहेर थांब." मी हललो नाही. मग ते समजावणीने म्हणाले, "पूजा आटपू दे, मग ये. वाईट वाटून घेऊ नको. तुझ्या भावाला एकदाच सांगावं लागलं व्हतं. लई समजूतदार माणूस."

एकदाच.

म्हणजे दादा बाभळीखाली स्वतःहून गेला नव्हता. त्याला पाठवलं होतं. आणि ते मला कळू नये, म्हणून तो दरवर्षी दीक्षेचं तेच वाक्य बोलत होता.

मी पूजेपुढच्या रांगोळीवरून पलीकडे गेलो. ओळीतून हातोडा उचलला.

"अरे, पूजा मांडलीय! ठेव तो!" शेठ ओरडले.

"हातोडा आमचा हाय."

"नेलास तर उद्यापासून येऊ नको."

"न्हाई येणार."

मागून पुतण्याचा आवाज आला, "पाणी आणा रे, शिंपडायला."

सकाळी त्याच जागी मी फरशी धुतली होती.

बाहेर आलो. बाभळीखाली थांबलो नाही. हातोड्यावरचं कुंकू सदऱ्याला पुसलं आणि चालत घरी गेलो.

आता निरगुडसरला माझी शेड आहे. खंडेनवमीलाही चालू असते. खपली उडवताना दादाला विचारायचं राहिलेलं मनात येतं. मला खरं का नाही सांगितलंस? त्या झाडाखाली तू दरवर्षी काय गिळत होतास?

कोणी सांगितलं म्हणून मी बाहेर थांबणार नाही. न सांगता, आपणहून तर नाहीच.

दादा नाही. त्याचा हातोडा आहे.