डाव्या कुशीचे केस

रविवार सकाळ, पोळ्याला पंधरा दिवस बाकी.

हजर: मी, अनसिंगहून आलेले माझा मोठा भाऊ आणि वहिनी, फोनच्या पडद्यावर, जर्मनीतून, माझी लेक. गैरहजर: चार वर्षांचा नातू. तिकडे अजून उजाडायचं होतं, तो झोपलेला. ज्याच्यासाठी जमलो होतो तोच तेवढा नव्हता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, खाऊ गोळा करतात. लेकीच्या शहरातली चार मराठी घरं एक हॉल घेऊन तो करतात. गेल्या वर्षी नातवाजवळ बैल नव्हता, म्हणून तो झोपताना घेतो ते अस्वल दोरीला बांधून घेऊन गेला. फोटोत सगळ्यांचे बैल रांगेत आणि मधे हे अस्वल. तो खुशीत हसतो आहे. मी मात्र तो फोटो मोठा करून करून बघत राहिले.

ते अस्वल मोहेरचं आहे, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या कापडाचं. लेकीने त्याच कापडाचा एक पांढरा तुकडा पाठवला. "आई, बैल कर. लाकडाचा तो कुशीत नाही घेणार."

मी वाशीमला ब्लाऊज शिवते. कापडाला मी घाबरत नाही, पण या कापडाशी जुळवून घ्यायला वेळ लागला. मोठी कात्री चालवली की वरचे केसही कापले जातात आणि शिवण बोडकी दिसते. म्हणून उलट्या बाजूने, छोट्या कात्रीच्या टोकाने नुसतं खालचं विणकाम कापायचं. शिवून झालं की टाक्यात अडकलेले केस सुईने एकेक ओढून बाहेर काढायचे. मग शिवण सापडत नाही.

आत काय भरायचं, यावर आठवडा गेला. लाकडाचा भुसा करकरतो. सावरीचा कापूस मऊ, पण उडतो आणि पुढे दबतो. शेवटी भावाच्या शेतातला कापूस पिंजून घेतला आणि चिमटीचिमटीने, लाटण्याच्या टोकाने ठासून भरला. पोटात वजन हवं होतं, कारण उचलल्यावर काहीतरी उचललं असं वाटलं पाहिजे. तूर भरणार होते, लेक म्हणाली कीड लागेल. काचेच्या मण्यांची पुरचुंडी ठेवली. डोळे काचेचे नकोत, लहान मूल उपटतं. काळ्या दोऱ्याने भरले. पाय चारही पक्के शिवले. मानेत तेवढी त्या अस्वलाच्या मानेत असते तशी फिरती चकती घातली, म्हणजे बैल हाक मारल्यावर वळून बघेल. वशिंड वेगळं भरून वर बसवलं.

त्या रविवारी तो पुरा झाला होता. धनजचा एक ओळखीचा मुलगा शुक्रवारी नागपूरहून विमानाने तिकडे जाणार होता, त्याच्याबरोबर द्यायचा. मी बैल भावाच्या मांडीवर ठेवला.

ट्रॅक्टर घेतल्यापासून भावाकडे बैल नाहीत. पण बैल समोर आला की त्याचा हात आधी पाठीवर जातो, मग कुशीवरून खाली. बाजारात असंच बघतात, केस कसे पडलेत, भोवरा कुठे आहे. उजवीकडून हात खाली आला. डावीकडे अडला.

"काहून वं बाई, याचे डाव्या अंगाचे केस उलटे?"

मी बघितलं. उजवीकडचे केस शेपटीकडे, डावीकडचे तोंडाकडे.

वहिनीला लगेच कळलं. "कपडा वाचवाले गेली असन, दुसरं काय. हिच्या हाती दिलेल्या पीसमधून हिचाबी एक ब्लाऊज निंगते!"

तसंच झालं होतं. ब्लाऊजच्या सवयीने मी डावा भाग बैलाचं डोकं खाली येईल असा उलटा आखला होता, म्हणजे कापड कमी जाईल.

"असा बैल बजारात उभाच करू देत नाहीत," भाऊ म्हणाला.

"मामा, इथं कुठला आला बजार?" फोनमधून लेक. "कोणी नाही पाहत."

"पोट्टं पाहीन ना. हात फिरवीन तवा समजन त्याले."

वहिनी म्हणाली, "झूल टाका वरून. झाकून जाते."

"रात्री झूल काढूनच झोपंल तो," मी म्हणाले.

लेक हळूच म्हणाली, "राहू दे आई. त्यानं खरा बैल कुठं पाहिला? त्याले काय माहीत, केस कोणीकडं असतात."

तिने माझी सुटका करायला म्हटलं होतं. मला ते लागलं. ही लेक पाच वर्षांची असताना मामाच्या पांढऱ्या बैलाच्या पोटाखालून खुशाल पलीकडे जायची. तिचं लेकरू बैलावर पहिला हात फिरवणार तो माझ्या या कापडावर, माझ्यापासून इतक्या दूर. मी शेजारी नसणार, "असा नाही रे, असा फिरव" म्हणायला.

"मामा," लेक म्हणाली, "तो तुमचा पांढरा, माझ्या हातचा गूळ खायचा ना?"

"खाय. तू गेल्यावर दोन दिस गोठ्याच्या दाराकडे पाहे."

वहिनी चहा ठेवायला उठली. पडद्यावर लेक डोळे पुसत होती आणि सर्दी झाली म्हणत होती. भाऊ बैलाच्या उजव्या कुशीवरूनच हात फिरवत राहिला.

मी ब्लेड घेतलं आणि डावी शिवण उसवली. ठासलेला कापूस परातीत काढला. उरलेल्या मोहेरमधून अख्खी कूस निघत नाही. दोन तुकडे जोडावे लागतील, दोन्हींचे केस शेपटीकडे. जोड वशिंडामागून तिरका घेतला तर केसांत मुरेल असं वाटतं. कापडाच्या मागच्या बाजूला पेनाने केसांच्या दिशेचे बाण काढून ठेवले आहेत.

आज बुधवार, परवा तो मुलगा निघेल. कापूस अजून परातीतच आहे. तुकडे टाचणीने लावलेत, ते शिवायचे आहेत.