टीव्हीवरच्या बोटी

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातून दोन गोष्टी कितीही बाहेर काढा, संपत नाहीत: सुक्या बोंबलाचा वास आणि किस्से! वासाची मला सवय झाली. किस्से मात्र साठत साठत आता डोक्यात मावेनात. म्हणून आज निदान त्या टीव्हीचे तरी सांगून टाकते.

*

मी राहते बोईसरजवळच्या सालवडला, आणि क्लार्कची नोकरी करते माहीमच्या पुढे, अगदी किनाऱ्यावर. लॅपटॉपवर माझी स्वतःपुरती एक विकी आहे. म्हणजे एकमेकांना जोडलेली पानं: आईच्या गोळ्या, गॅसचा नंबर, ब्लाउजची मापं, सगळं त्यात. "अमकी बोट वायरलेसवर शेवटची कधी बोलली?" हे दिवसभर विचारणाऱ्या बायकांना उत्तरं देऊन माझा घसा बसायचा. मग मी त्याच विकीत प्रत्येक बोटीचं एक पान केलं, आणि सीएसएस लिहून सगळ्या बोटी एकाच पानावर चौकोन चौकोन मांडल्या. सीएसएस म्हणजे काय, तर मजकूर तोच, त्याला नेसवायचं काय ते आपण ठरवायचं.

चेअरमन दामूकाकांनी ते माझ्या खांद्यावरून पाहिलं. "ही तुजी प्रायव्हेट भानगड भिंतीवर लाव!"

बोईसरहून टीव्ही बसवायला माणूस आला. सगळं जोडून झाल्यावर चौकोनांकडे बघून म्हणाला, "मॅडम, इसमें मॅच कब लगेगा?"

*

पहिल्या दिवशी सगळे चौकोन निळे ठेवले. समुद्र म्हणून निळे! मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

ते टिकलं सुनंदावहिनी येईपर्यंत. त्यांचा नवरा जयवंत 'दर्यादौलत' बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणू त्याच्या हातात. वहिनींच्या कपाळावर रुपयाएवढी लाल टिकली, आणि आवाज बंदरापासून बाजारापर्यंत.

"ही काय सगली एका आईची पोरं हायेत? आमची बोट हिरवी, तिला पिवळा पट्टा!"

"अहो वहिनी, नाव लिहिलंय ना खाली!"

"नाव कोन वाचतंय! लांबून मी नवऱ्याला नाय वळखत, रंग वळखते!"

झालं! बंदरावर जाऊन प्रत्येक बोटीचा फोटो काढला आणि तिचा तिचा रंग सीएसएसमध्ये घातला. दर्यादौलतचा हिरवा तर वहिनींनी इतक्यांदा बदलायला लावला की मला भातसुद्धा हिरवा दिसायला लागला.

*

मग मला आणखी अक्कल सुचली. बोट बराच वेळ बोलली नाही की तिचा चौकोन लाल होऊन लुकलुकायचा.

बोट बोलली की वायरलेसवाला विलास तिच्या पानावर वेळ टाकायचा. एकदा तो डबा खायला बसला आणि एक चौकोन लुकलुकला. ऑफिसात बर्फासाठी आलेल्या बायका उभ्याच राहिल्या. एकीला घेरी आली, दुसरीने देवीला नवस बोलून टाकला! विलासने तोंडात घास असतानाच माईक ओढला. पलीकडून तांडेलाचा आवाज आला, "अरे जेवतो हाय! आता घास गिळताना पन सांगू काय?"

दामूकाका भडकले. "हे ऑफिस हाय, आयसीयू नाय! भिंतीवर आजपासून लाल काय दिसता कामा नये!"

मग मी लाल काढलं आणि फिकं होणं घातलं. बोट बोलली की रंग भरगच्च. त्यानंतर दर तासाला थोडा थोडा फिका. पुन्हा बोलली की पुन्हा भरगच्च, आणि बंदराला लागली की भरगच्चच राहायचा.

"उन्हात लुगडं विटतं तसं," वहिनी म्हणाल्या. त्यांना पटलं, म्हणजे गावाला पटलं.

*

फिकं होण्याच्या त्या नियमात एकदा काही सुधारायला गेले आणि एक कंस बंद करायचा राहून गेला. नियमच बाद! सगळ्या बोटी एकदम भरगच्च.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. विलास माईककडे बघतच बसला. "सगल्या बोलल्या? मंग माज्याशीच कशी कोन बोललं नाय?"

दामूकाकांनी माझ्यापुढे चक्क हात जोडले. "बाय माजे, बोटी समुद्रात असताना तू त्या कीबोर्डला हात लावायचा नाय!"

*

आणि मग तो वाऱ्याचा दिवस.

सकाळीच इशारा आला. विलासने सगळ्यांना माघारी बोलावलं. दुपारपर्यंत एकेक बोट बंदराला लागली, एकेक चौकोन भरला. दर्यादौलत पहाटे एकदा बोलली होती, त्यानंतर नाहीच. दामूकाकांनी तटरक्षक दलाला फोन केला. विलास एकच वाक्य म्हणत होता, "दर्यादौलत, दर्यादौलत, आवाज येतो काय?" उत्तरात नुसती घरघर. वहिनी टीव्हीसमोर बसलेल्या. 

माझी नजर घड्याळावर होती. कारण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. फिकं होण्याला मी खालची मर्यादा घातलीच नव्हती. दहा तास गप्प राहिली की बोट पानावर दिसणारच नाही! समुद्रात असताना इतका वेळ आमच्या कुठल्या बोटीने कधी तोंड बंद ठेवलंच नव्हतं, मग मर्यादा कशाला सुचेल?

पिवळा पट्टा आधी गेला. मग हिरवाही विरत विरत गेला. चहूबाजूंनी रंगीत बोटी आणि मध्ये पांढरी जागा.

मागून एकीने हुंदका दिला. मी कीबोर्डकडे झेपावले. "थांबा, मी आणते परत!"

दामूकाकांनी कीबोर्डवर पंजा ठेवला. ओरडले नाहीत. "खोटी नको आनू, पोरी."

वहिनी उठल्या. टीव्हीपुढे उभ्या राहिल्या आणि कपाळावरची टिकली नखाने उचलली.

"काडू नको गो! बाय, काडू नको!" सगळ्या ओरडल्या.

"काडत नाय," वहिनी म्हणाल्या. "लावते हाय."

आणि त्या पांढऱ्या जागेवर अंगठ्याने दाबून लावली. भिंतीवर लाल दिसलं, आणि दामूकाकांनी ते राहू दिलं.

तिकडे दर्यादौलतचं इंजिन बंद पडलं होतं, बॅटरी बसली होती, वायरलेस मेला होता. दुसऱ्या गावच्या बोटीने दोर लावून तिला त्यांच्या बंदराला ओढत नेलं होतं. त्यांचं वायरलेसचं चॅनेल वेगळं, जयवंतचा मोबाइल भिजलेला, आणि बायकोचा नंबर आजकाल पाठ कुणाला असतो! तो सरळ रिक्षात बसला. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. आम्ही आपल्या दाराकडे पाठ करून त्या टिकलीकडे बघत होतो.

दार वाजलं. वळून बघतो तर दारात जयवंत! ओलाचिंब, एकाच पायात चप्पल.  त्याने रडून डोळे सुजलेल्या बायका पाहिल्या, माईक धरून बसलेला विलास पाहिला, आणि मग वहिनींचं कोरं कपाळ पाहिलं. तोंड उतरलं त्याचं. चौकट धरून त्याने विचारलं,

"सुनंदे, कोन गेला गो?"