हवालदारांच्या ताब्यातलं प्रस्थान

मी एम.एस्सी.साठी सांगलीला निघाले, त्याच्या आदल्या दिवशीच माझी बी.एस्सी.ची पदवी सांगली जिल्ह्यात पोचली होती. मला न घेता. एस.टी.नं.

हे नव्वदच्या दशकातलं. आमच्या वाईच्या घरी सोमवारी दुपारी सांगलीच्या कॉलेजचं पत्र आलं. रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला तुमची निवड झाली आहे, गुरुवारी दुपारी चारच्या आत सर्व मूळ प्रमाणपत्रांसह समक्ष हजर राहावे, अन्यथा जागा यादीतल्या पुढच्या उमेदवारास देण्यात येईल. 'मूळ' या शब्दाखाली लाल शाईनं दोन रेघा! मी ते पत्र घेऊन ओट्यापासून अंगणापर्यंत नाचले. कारण जागा गेली असती तर दुसरा बेत घरात तयारच होता. फलटणचं स्थळ. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. "तुला केमिस्ट्रीच हवी ना? मग घरातच येतेय की!" असं आत्या मे महिन्यापासून म्हणत होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शास्त्र शिकवून निवृत्त झालेली. शाळेत गुरुत्वाकर्षण, घरी राहुकाळ. दोन्हींवर सारखीच श्रद्धा. पत्र वाचून तिनं अभिनंदन वगैरे काही केलं नाही, चष्मा पुसला आणि पंचांग काढलं.

"गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल आहे."

"आत्या, कॉलेज दक्षिणेलाच आहे. आता ते काय उचलून पुण्याला नेऊ?"

"मग बुधवारी जा."

"बरं, बुधवारी जाते!"

"बुधवारी अवस आहे."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा कोर्टात कारकून. दिवसभर वकिलांचं ऐकून ऐकून घरी कुठल्याच बाजूनं बोलायचं नाही असा त्यांचा नियम. त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

"चिडतेस काय? यावर उपाय आहे," आत्या म्हणाली. "मंगळवारी सकाळी मुहूर्त चांगला आहे. प्रस्थान ठेवू."

आता प्रस्थान म्हणजे काय, तर चांगल्या मुहूर्तावर आपल्याला निघता येत नसेल, तर आपली एखादी वस्तू निघते. जायच्या दिशेला शेजाऱ्याकडे ती नेऊन ठेवायची, की प्रवास सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्ष निघायच्या दिवशी ज्याचं त्यानं ती वस्तू उचलायची आणि पुढं जायचं. मात्र ती वस्तू माघारी घरात आणायची नाही. आणली तर प्रवास मोडला!

"एक सुपारी आणि अंगावरचं एखादं वस्त्र पुरे," असं सांगून आत्यानं खाकी कापडाची बंदांची पिशवी काढली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. सुपारी आणि ओढणी घालून विषय संपला असता. पण नाही! माझी जीभ! "सुपारी काय करणार सांगलीत? तिला काय विचारणार आहेत, बाई, तुमचे विषय कोणते? खरं जायचंय ते हे!" असं म्हणून मी प्रमाणपत्रांची अख्खी फाईल त्या पिशवीत कोंबली. टोमणा म्हणून. आणि आत्यानं मान डोलावली.

"हे बाकी बरोबर बोललीस."

टोमणा वाया गेला, फाईल मात्र सुपारी-ओढणीसोबत आत राहिली. म्हटलं राहू दे, दोन घरांपलीकडे तर ठेवायचीय. गुरुवारी सकाळी निघताना उचलू.

आमच्या दक्षिणेला दुसरं घर हवालदारांचं. हवालदार मूळचे सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचे. पलटणीतून निवृत्त होऊन वाईत एका बँकेच्या दारात पहारेकरी म्हणून उभे राहायचे. माणूस सोन्यासारखा, पण सांगितलेलं काम शब्दाबाहेर जाऊन करायचा नाही. एकदा आत्या त्यांना 'दूध उतू जाऊ देऊ नका' असं सांगून देवळात गेली, तर परत येईपर्यंत हवालदार पातेल्यासमोर उभे. गॅस पेटवलाच नव्हता.

तर मंगळवारी सकाळी मुहूर्तावर आम्ही वरात घेऊन गेलो. आत्यानं पिशवी त्यांच्या हातात दिली.

"हवालदार, ही पिशवी नजरेआड होऊ द्यायची नाही. गुरुवारी मंजू स्वतः येऊन उचलेल. तिच्याशिवाय कुणाला द्यायची नाही आणि काही झालं तरी माघारी आणायची नाही."

"व्हय बाई," हवालदार टाचा जुळवून म्हणाले. "पिशवी ताब्यात हाय."

बुधवारी संध्याकाळी बाबांनी पेपर खाली ठेवला आणि त्या आठवड्यातलं पहिलं वाक्य बोलले. "मंजू, फाईलमध्ये शाळा सोडल्याचा दाखला आहे ना? एकदा बघून ये."

मी गेले. हवालदारांच्या दाराला कुलूप! कडीला चिठ्ठी अडकवलेली. 'विहिरीवरची मोटार जळाली. कुंडलला जात आहे. पिशवी सोबत. काळजी नसावी. तातडीसाठी डेअरीचा नंबर खाली.'

ती चिठ्ठी मी चार वेळा वाचली. मग दारावर एक लाथ मारली. अंगठ्याला लागलं.

आम्ही तिघं एस.टी.डी. बूथकडे धावलो. डेअरीवाल्यानं हवालदारांना बोलावून आणेपर्यंत बूथमधल्या त्या लाल आकड्यांकडे बघत बाबांना घाम फुटला होता.

"काका, मंजू बोलतेय! माझी पिशवी!"

"ताब्यात हाय, ताई!"

"अहो, पण नेलीत कशाला?"

"बाई काय म्हणाल्या हुत्या? नजरंआड करायची न्हाई. आता मी हिकडं आन पिशवी तिकडं, मग नजर कशी ठिवणार, सांगा की!"

काय सांगणार, कपाळ! "काका, उद्या चारच्या आत फाईल दिली नाही तर माझी जागा जाईल हो. आत्ताच्या आत्ता वाईला घेऊन या!"

"माघारी?" फोनमधून मोठा श्वास ऐकू आला. "आवं ताई, माघारी आणायची न्हाई ह्यो बाईंचा हुकूम हाय."

"मग उद्या सकाळी सांगलीच्या स्टँडवर तरी आणा!"

एवढ्यात आत्यानं फोन हिसकावला. "हवालदार, काही आणू नका! ज्याचं प्रस्थान त्यानंच उचलायचं असतं. मंजू कुंडलला येते. तुम्ही हलायचं नाही."

"हलत न्हाई, बाई."

आणि फोन ठेवून दिला! मी किंचाळले. बूथवाल्यानं बाहेर बोट दाखवलं. आत्या शांतपणे म्हणाली, "पिशवी तुझ्या आधी सांगलीत पोचली तर मग तुझ्या जाण्याला अर्थ काय राहिला?" मी पुन्हा फोन लावला, पण डेअरी बंद झाली होती.

गुरुवारी पहाटे हातावर दही घेऊन मी आणि बाबा निघालो. वाईहून सातारा, साताऱ्याहून कराड. तिथवर ठीक होतं. कराडला कुंडलची गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली, कारण बाबा चौकशीच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहून 'कुंडलची गाडी कधी सुटते' हेच विचारत होते. पुढची गाडी दीड तासानं. ती वाटेतल्या प्रत्येक बाभळीला विचारत विचारत चालली होती. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायची आणि बाबा दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "फलटणचा मुलगा तसा बरा होता."

"बाबा!"

"नुसतं म्हणतोय गं."

कुंडलला उतरलो तेव्हा एक वाजून गेला होता. हवालदारांचं घर एका बाईनं लगेच दाखवलं. "ते पिशवीवालं व्हय?" गावभर बातमी झालेली. दारात हवालदारांच्या आई उभ्या. डोईवर पदर, हातात भाकरीचं पीठ.

"आजी, माझी पिशवी!"

"या की गं बाय. बस. पानी घे."

मी आत डोकावले. देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी, माझी खाकी पिशवी! हळदकुंकू लावलेलं, वर जास्वंद, पुढं नारळ, आणि निरांजन तेवतंय. बी.एस्सी.ला मला पहिला वर्ग होता, पण एवढा मान मला आमच्या कॉलेजातसुद्धा मिळाला नव्हता. मी हात पुढे केला, तर म्हातारीनं पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं.

"हात लावू नगंस. ल्योक म्हणलाय, माझ्या जागी तू नजर ठिव, मी आल्याबिगर कुनाला देऊ नगं."

"आजी, मीच मंजू!"

"असशील. पर मला काय ठावं?"

"हे माझे बाबा! विचारा त्यांना!"

"त्यास्नी तरी मी कुटं वळखते?"

बाबा म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे." कोर्टात आयुष्य गेलेलं!

हवालदार विहिरीवर. विहीर उसाच्या पलीकडे. बाबा तिकडे पळाले. मी देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसले आणि पिशवीकडे बघत राहिले. आम्हा दोघींच्या मधे म्हातारी. घड्याळात पावणेदोन. मला रडू यायला लागलं, खोटं कशाला बोलू? एवढा अभ्यास केला, निवड झाली, आणि जागा जाणार ती कशानं, तर दोन हातांवरच्या पिशवीला हात लावता येत नाही म्हणून! म्हातारीनं माझे डोळे पाहिले आणि पुढ्यात ताट ठेवलं. "खा. रडायला बी ताकद लागती."

दोनला हवालदार आले, कोपरापर्यंत ग्रीसनं काळे. मी उडी मारून उठले. त्यांनी हात धुतले, अंगात सदरा घातला, टोपी चढवली आणि कोनाड्यातून वही काढली.

"आता काय?"

"सही करा, ताई. चार्ज द्यायचा म्हंजी लिहून. पिशवी एक, सुपारी एक, ओढणी एक, फाईल एक. मोजून घ्या."

"काका, दोन वाजलेत! चारला जागा जाणार!"

"म्हनूनच म्हंतो, लौकर मोजा."

मोजलं. सही केली. त्यांनीही केली. बाबांनी साक्षीदार म्हणून केली, कुणी सांगितलं नसताना. पिशवी हातात पडली तेव्हा मला तिला मारावं की कवटाळावं ते कळेना.

"आता जेवून घ्या," हवालदार म्हणाले.

मी ज्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं, ती बघून ते म्हणाले, "बरं, मोटरसायकल काढतो."

पुढं हवालदार, मधे बाबा, मागं मी आणि माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत म्हातारीनं कोंबलेल्या चार भाकऱ्या. हवालदार पलटणीतले, त्यामुळे गाडीचा काटा ठरल्या वेगाच्या वर नेईनात. रस्त्यात बैलगाड्यांना वाट देऊन ते त्यांना 'राम राम' घालायचे. बाबा मधून चिरडलेल्या आवाजात म्हणायचे, "हवालदार, जरा..." आणि वाऱ्यावर पुढचं उडून जायचं.

कॉलेजच्या ऑफिसात शिरलो तेव्हा चारला बारा मिनिटं कमी होती. खिडकीतला कारकून फडताळ बंद करत होता.

"थांबा! ओरिजिनल आणलीत!"

त्यानं फाईल उघडली. पदवीच्या प्रमाणपत्रावर मधोमध हळदकुंकवाचं बोट. गुणपत्रिकेवर दुसरं. दाखल्यावर तिसरं. म्हातारीनं पूजा आतून-बाहेरून केली होती! कारकुनानं चष्मा वर केला.

"हे काय?"

"ते... प्रस्थान," मी म्हणाले.

त्यानं बाजूच्या मॅडमना बोलावलं. दोघांनी कुंकू निरखलं. मग त्यानं कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि शिक्का मारला. "दिशाशूल असून आलात, मला वाटलंच काहीतरी केलं असणार. तुमचे विभागप्रमुख गावाहून उद्याच येतायत. गुरुवारी ते दक्षिणेला निघत नाहीत."

रसायनशास्त्राचे विभागप्रमुख!

"ही फाईल सोमवारी हॉस्टेलला दाखवायची," त्यानं बजावलं. "ओरिजिनलशिवाय खोली मिळणार नाही. नीट ठेवा."

मी अगदी नीट ठेवली. पिशवीत, सुपारीशेजारी, आणि बंद घट्ट आवळले.

सामान आणायला वाईला परतायचं होतं, म्हणून हवालदार आम्हाला सांगली स्टँडवर पोचवायला आले. मला जागा मिळाली होती! दिवसभराचा राग कुठल्या कुठं गेला होता, हवालदारांच्या पाया पडावंसं वाटत होतं. गाडी लागली. बाबांनी सहज पिशवी खांद्याला लावली, तशी मी केवढ्यानं ओरडले.

"बाबा! ती कुठं नेताय? प्रस्थान माघारी न्यायचं नसतं!"

बाबांनी पिशवी खाली उतरवली. मी ती दोन्ही हातांनी हवालदारांना दिली. "काका, सोमवारी मी येईपर्यंत कुंडलला तुमच्याकडेच असू दे. माझ्याशिवाय कुणाला देऊ नका."

हवालदारांनी टाचा जुळवल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "शिकल्याली पोरगी, पर रीतभात सोडली न्हाई बगा!"

मीही भारावले. खिडकीतून हात हलवला. स्वतःवर खूश होऊन कराडपर्यंत छान झोपसुद्धा काढली. कराडला बाबांनी शेंगांची पुडी घेतली आणि सोलता सोलता विचारलं, "मंजू, सोमवारी हॉस्टेलला लागणारी ती फाईल कुठाय गं?"

मी पुडीतली एक शेंग घेऊन सावकाश सोलली.

"ताब्यात हाय," मी म्हणाले.