शेंदूर लावलेला खांब

वसमतला आमच्या गल्लीत रस्त्याच्या दिव्यांचे सिमेंटचे जुने खांब तीनच उरलेत; बाकी सगळे लोखंडी झाले. दिवे बघायला नगरपालिकेचा एक वायरमन येतो. चढण्याआधी तो सिमेंटच्या खांबावर पकडीनं टकटक करतो, कान लावतो आणि खांबालाच सांगितल्यासारखं म्हणतो, "बराबर." आमच्या दारातल्या खांबाला मात्र गेल्या उन्हाळ्यापासून तो "बराबर" म्हणत नव्हता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच सुमारास त्या खांबाच्या बुडाला कुणीतरी शेंदूर फासला. लोकांनी तिथं शेळ्या बांधणं सोडलं आणि नारळ फोडायला लागले. माझी आई रोज सकाळी अकरा प्रदक्षिणा घालून खांबाला कपाळ टेकवायची.

परवा तिला तसं बघून तो वायरमन सायकल टाकून ओरडतच धावला, "मावशी, मागं सरा! आतून सळया गंजून गेल्यात!"

"आरं बाबा, देव हाय तो," आई म्हणाली.

"देव कशाचा! शेंदूर म्याच लावला. हापिसात तीनदा सांगितलं, न्हाई ऐकलं. खांबावर 'धोका' लिहिलं, तरी लोकायनं शेळ्या बांधल्याच. म्हणलं, देव केला तर दूर राहतील."

त्यानं पकडीनं हळूच ठोकलं. ओंजळभर सिमेंट गळून पडलं.

आईनं वाकून तो चुरा उचलला, कपाळाला लावला. आणि चिमूटभर त्याच्याही.